जरतारी वस्त्र आणि जरतारी शब्द
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत संत, कवी आणि कादंबरीकार यांच्यावर अधिकारी वक्त्यांची व्याख्याने झाली. आज विषय आहे कापडाचा. मराठी शिकवणाऱ्या माणसाने रेशीम आणि जर यांवर का बोलावे, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. तो रास्तही आहे. मी विणकर नाही आणि वस्त्रांचा व्यापारीही नाही. परंतु ज्या शब्दांवर माझा चरितार्थ चालतो, त्यांतले कितीतरी शब्द मागावरून उतरून मराठीत आले आहेत. ते कोणत्या मागावरून उतरले याचा शोध घेऊ लागलो, तर तो थेट इराणातल्या काशान, यझद आणि इस्फहान या नगरांपर्यंत जातो. परतीच्या वाटेवर बीदर, पैठण, औरंगाबाद आणि आपले हैदराबाद लागते. हा प्रवास आपणांस थोडक्यात घडवावा, एवढाच माझा हेतू आहे.

प्रारंभ मूळ वस्त्रापासून करू. इराणात सोन्यारुप्याच्या तारेने विणलेल्या रेशमी वस्त्राला ‘जरबफ्त’ म्हणतात. ‘जर’ म्हणजे सोने आणि ‘बफ्त’ म्हणजे विणलेले. रेशमी वस्त्रांची परंपरा तिकडे इस्लामपूर्व सासानी राजवटीपासूनची. परंतु तिचा परमोत्कर्ष झाला तो सफवी घराण्याच्या काळात. शाह अब्बास याने १५९८ मध्ये आपली राजधानी इस्फहानला नेली आणि विणकामाचे राजकारखाने भरभराटीस आणले. या कारखान्यांत केवळ विणणारे नव्हते. नक्षीची योजना करून ती धाग्यांत बांधून देणारा एक स्वतंत्र कलावंत असे. त्याला ‘नक्शबंद’ म्हणत. यझदचा घियासुद्दीन अली नक्शबंद हा त्यांतला सर्वांत नामांकित. त्याचे नाव विणलेली वस्त्रे आजही जगातल्या संग्रहालयांत जपलेली आहेत. विणकाराने चित्रकाराप्रमाणे आपल्या कृतीवर सही करावी, ही गोष्ट त्या काळी त्याला केवढी प्रतिष्ठा होती हे सांगते. हा घियास कवीही होता, हे साहित्याच्या मंडळींनी लक्षात ठेवावे.

जरीची तार कशी होते हेही पाहिले पाहिजे. कारण ‘सोन्याचा धागा’ असे आपण सहज म्हणतो, परंतु निव्वळ सोन्याचा धागा विणता येत नाही. चांदीच्या कांबीला सोन्याचा मुलामा देतात. मग ती पोलादी पट्टीच्या एकाहून एक लहान छिद्रांतून ओढत ओढत केसासारखी बारीक करतात. हे काम करणारा तो तारकस. ही बारीक तार ठोकून चपटी केली म्हणजे तिला बादला म्हणतात. तो बादला रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळला, की विणण्याजोगी लवचीक जर तयार होते. इराणात तिला ‘गुलाबतून’ म्हणत. आपल्याकडे तिचेच ‘कलाबतू’ झाले. आतल्या रेशमाचा रंगही महत्त्वाचा. सोनेरी जरीच्या पोटात पिवळे रेशीम घालतात आणि रुपेरी जरीच्या पोटात पांढरे, म्हणजे वेटोळ्यांच्या फटींतून डोकावणारा रंग धातूच्या तेजात भर घालतो. सोने वरवरचे, चांदी त्याच्या खाली आणि सर्वांना तोलून धरणारे रेशीम अगदी आत! जरीचे हे अंतरंग ध्यानात ठेवावे. पुढे त्याची आठवण होईल.

विणकाम एकट्याचे नसे. विणकर खाली बसून धोटा फेकी. आणि मागाच्या माथ्यावर बसलेला त्याचा साथीदार, बहुधा एखादा पोरसवदा मुलगा, नक्शबंदाने बांधून दिलेल्या दोऱ्या क्रमाने ओढी. ज्या दोऱ्या ओढल्या जात त्यांना जोडलेले ताण्याचे धागे वर उचलले जात आणि नक्षी एकेक ओळीने उमटू लागे. आपल्याकडे या दोऱ्यांच्या बांधणीला ‘जाला’ म्हणतात. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांचा जॅकार्ड माग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये निघाला, तेव्हा त्याने मागावर बसलेल्या या मुलाचीच जागा घेतली.

आता ही विद्या दख्खनला कशी आली? इराण आणि दख्खन यांचा संबंध तलवारीपेक्षा व्यापाराने आणि विद्वानांच्या ये-जा करण्याने अधिक जुळला. बहमनी राज्याचा सुप्रसिद्ध वजीर महमूद गावान हा मूळचा गीलानचा. कास्पियन समुद्राकाठचा हा प्रांत कच्च्या रेशमासाठी नावाजलेला. गावान १४५३ च्या सुमारास दख्खनला आला तो व्यापारी म्हणून, आणि राहिला तो राज्याचा आधारस्तंभ होऊन. बीदरचा त्याचा १४७२ चा मदरसा आजही इराणी रंगीत फरशांचे तुकडे अंगावर मिरवीत उभा आहे. पुढे कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हा हमदानकडून आला. १५९१ मध्ये ज्या नगरीची स्थापना झाली, त्या आपल्या हैदराबादच्या रचनेत ज्याचा मोठा वाटा होता तो मीर मोमीन हा अस्त्राबादचा. गोवळकोंड्याच्या दरबारात त्याचे पद कोणते होते? ‘पेशवा’! शनिवारवाड्यातला पेशवा आणि चारमिनारचा पेशवा हे एकाच फारसी शब्दाचे मानकरी होत, हे आपण अनेकदा विसरतो.

दरबार आला की दरबारी पोशाख आला. ‘पोशाख’ हा शब्दही फारसीच. दरबाराच्या व्यवहारात वस्त्र हे केवळ अंग झाकण्याचे साधन नव्हते. ती सनद होती. राजाने दिलेला मानाचा पोशाख म्हणजे खिलत. डोक्यापासून पायापर्यंतचा पुरा पोशाख तो ‘सर-ओ-पा’, आणि त्याचाच मराठीत झाला ‘शिरपाव’. ही पद्धत मराठेशाहीने जशीच्या तशी उचलली. १७२० मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी बाजीरावांस पेशवाईची ‘वस्त्रे’ दिली, असे आपला इतिहास म्हणतो. पद दिले असे न म्हणता वस्त्रे दिली म्हणतो. आणि मराठी फौजेचे जे मानाचे निशाण, त्याचे नाव काय? जरीपटका! ज्या निशाणाखाली मराठे लढले, त्याच्या नावातच फारसी ‘जर’ चमकते आहे.

इथे मी क्षणभर भाषेकडे वळतो. शिवकाळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा तो मोठा उपक्रम होता, आणि त्यामागची स्वत्वाची जाणीव वंदनीय आहे. परंतु लोकांच्या तोंडून किनखाब, अतलस, मखमल, शाल, अस्तर, नक्षी, रेशीम ही नावे काही गेली नाहीत. पुढे १९२५ मध्ये माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे आपले माधव जूलियन, यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला. तेच माधवराव पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले आणि १९३८ मध्ये त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. फारसीचे सौंदर्य ज्याला सर्वांत अधिक कळले, त्यानेच तिच्या शब्दांना निरोप द्यावा म्हटले! या दोन्ही ग्रंथांना मी मानतो. पण ज्या शब्दांना निरोप द्यायचा, ते खरोखर किती परके आहेत, हे एकदा तपासून पाहू.

‘जर’ हा शब्द घ्या. अवेस्तेच्या प्राचीन भाषेत सोन्याला ‘जरन्य’ म्हणत आणि आपल्या वेदांत ‘हिरण्य’. संस्कृतातला ‘ह’ तिकडे अनेक ठिकाणी ‘ज’ होतो. ‘जर’ हे हिरण्याचे सख्खे भावंड आहे. ‘बफ्त’ घ्या. ‘बाफ्तन’ म्हणजे विणणे, आणि कोळ्याला वैदिक भाषेत ‘ऊर्णवाभि’ म्हणत, म्हणजे लोकर विणणारा. त्यातला ‘वाभ’ आणि फारसी ‘बाफ’ एकाच मुळाचे. आणि शिरपाव? ‘सर’ म्हणजे शिर आणि ‘पा’ म्हणजे पाद. मराठी जिभेने ‘सर-ओ-पा’ला ‘शिरपाव’ केले ते अज्ञानाने केले असेल. परंतु त्या अज्ञानाने अर्थाला धक्का लावला नाही. फार पूर्वी ताटातूट झालेल्या दोन भावंडांची त्याने नकळत गाठ घालून दिली. वर्गात मी हे सांगतो तेव्हा विद्यार्थी चकित होतात. आपली हैदराबादी मराठी भेसळीची आहे असे ऐकत ते वाढलेले असतात. पश्चिमेकडच्या संमेलनांत मीही ते अनेकदा ऐकून घेतले आहे. त्यावर माझे उत्तर एवढेच असते, की नुसत्या ताण्याचे वस्त्र होत नाही. त्याला आडवा बाणा लागतो.

आता पुन्हा मागाकडे. १७६३ मध्ये निजाम अली खान याने राजधानी औरंगाबादहून हैदराबादला आणली. मागवाले मात्र बहुतांशी तिकडेच राहिले. त्यामुळे एक चमत्कारिक व्यवस्था उत्पन्न झाली: माग मराठी मुलखात आणि गिऱ्हाईक हैदराबादेत. या मागांवर तीन प्रकारची वस्त्रे होत. पहिला किनखाब, रेशीम आणि जरीचा, राजेरजवाड्यांचा. त्याच्या नावाची ‘कम ख्वाब’ अशी फोड करून, हे वस्त्र स्वप्नातही क्वचितच दिसावे अशी गोड व्युत्पत्ती सांगतात. ती लोकांची कल्पना म्हणून ऐकावी. दुसरा मशरू. निव्वळ रेशीम पुरुषाच्या अंगाला लागणे इस्लामी आचारात निषिद्ध मानले जाई. म्हणून ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा घालून असे विणीत, की वरून रेशमाची झळाळी दिसावी आणि अंगाला मात्र सूत लागावे. ‘मशरू’ म्हणजे धर्माने संमत. शास्त्र आणि हौस यांत विणकराने काढलेली ही तडजोड मला फार मानवी वाटते.

तिसरा आपला हिमरू. ‘हम-रू’, म्हणजे सारख्या चेहऱ्याचा, किनखाबासारखा दिसणारा, अशी त्याच्या नावाची फोड सांगतात. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्याबरोबर हे विणकर आले, अशी त्या विणकरांत परंपरागत समजूत आहे. हिमरूत जर नाही. ताणा सुताचा आणि नक्षीचा बाणा रेशमाचा. नक्षीत जे धागे लागत नाहीत ते मागच्या बाजूला मोकळे तरंगत राहतात. त्यांचा एक मऊ थर होतो आणि वस्त्र उबदार बनते. म्हणूनच शेरवानी, अचकन, शाल आणि अस्तर यांसाठी त्याला मागणी असे. हैदराबादच्या उमरावांच्या शेरवान्या हिमरूच्या. सालारजंग संग्रहालयात, तसेच पुरानी हवेलीतील निजामाच्या संग्रहालयात, या दरबारी वस्त्रसृष्टीचे अवशेष पाहायला मिळतात.

यांच्या शेजारी ठेवावी पैठणी. तिचे तंत्र निराळे. तिच्या काठापदरात जादा धागा मागे लोंबत नाही. प्रत्येक रंगाची छोटी तिल्ली हाताने फिरवून, धाग्यात धागा अडकवून नक्षी भरतात. त्यामुळे उलट आणि सुलट दोन्ही बाजू सारख्या. पदराची भूमी जरीची आणि तिच्यावर मोर, पोपट, कमळे, वेली रेशमाच्या. हातांचे कसब पैठणच्या प्राचीन परंपरेचे; परंतु ‘जर’, ‘रेशीम’, ‘नक्षी’ हे तिच्या वर्णनाचे शब्द त्या दूरच्या देशाचे.

पण मला आज खरोखर जो प्रश्न मांडायचा आहे तो पुढेच आहे. पैठणी जगली आणि हिमरू का मावळला?

घटनाक्रम सरळ आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात आले. हिमरूचा माग एका राज्यात आणि त्याचे उरलेसुरले गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यात, अशी अवस्था झाली. लोकशाही आली हे चांगलेच झाले; कोणाही विणकाराच्या पोटासाठी जहागिरी परत यावी असे मी म्हणणार नाही. परंतु दरबार उठला तेव्हा दरबाराचे वस्त्रही उठले. यंत्रमागाच्या स्वस्त नकलांनी उरलेले काम केले. ज्याला आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादेत हातमागावर खरा हिमरू विणणारे फार थोडे उरले आहेत.

पैठणीचेही दिवस वाईट आले होते. तिचे माग ओस पडले. पुढे पैठणला शासनाचे केंद्र निघाले, येवल्याच्या विणकरांनी नेट धरला, आणि २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु शासनाची मदत ही निमित्तमात्र. ती जगली, कारण ती दरबाराची नव्हती, लग्नाची होती. राजे गेले तरी लग्ने थांबत नाहीत. आईची पैठणी लेकीला मिळाली पाहिजे, ही इच्छा कोणत्याही फर्मानावर अवलंबून नव्हती.

इराणातही हेच घडले. दरबारी जरबफ्त ओसरले. विसाव्या शतकात तेहरानला सरकारी कार्यशाळा काढून ती विद्या नमुन्यापुरती राखावी लागली. परंतु यझदचे ‘तेर्मे’ नावाचे नक्षीदार वस्त्र घरोघरी राहिले. कारण मुलीच्या रुखवतात ते द्यावयाचे असते आणि लग्नविधीच्या वेळी ते अंथरायचे असते. आज ते बहुधा यंत्रावर होते. पण नाव आणि मान टिकून आहे. घराने धरले ते टिकले; दरबाराने धरले ते दरबाराबरोबर गेले.

शब्दांचेही असेच आहे. फारसी दफ्तरातले कितीतरी शब्द आज केवळ मोडी कागद वाचणाऱ्या संशोधकाला ठाऊक असतात. पण अस्तर, शाल, मखमल आणि जर हे शब्द घरातल्या बायकांच्या तोंडी राहिले, म्हणून ते मराठीचे झाले.

याला एक दुःखद बाजूही आहे. जुनी वस्त्रे फार थोडी उरली, याचे कारण केवळ कसर किंवा काळ नव्हे. खऱ्या जरीत चांदी असते. अडचणीच्या वेळी, कधी तर नुसते जुने झाले म्हणूनही, असंख्य घरांतून जुन्या पैठण्या, शालू, शेले जर विकत घेणाऱ्यांच्या हाती गेले. वस्त्र जाळायचे, राख चाळायची, धातू वितळवून वजनावर विकायचा. रेशीम, रंग, नक्षी आणि विणकराचे महिनोन्महिने यांची किंमत शून्य! मघाशी मी म्हणालो की जरीच्या अगदी आत रेशीम असते आणि तेच सर्वांना तोलून धरते. आगीत पहिले जाते तेही तेच. ज्याने विकले त्याला मी दोष देत नाही; चूल पेटवणे भाग असते. पण काय जळाले याची नोंद तरी कोणी ठेवायला हवी होती.

अशी नोंद आणि असा सांभाळ एका व्यक्तीने आपल्या डोळ्यांदेखत याच शहरात केला, आणि तिचे नाव या व्यासपीठावरून घेतले नाही तर हे व्याख्यान अपुरे राहील. सुरैया हसन बोस. नेताजींचे सहकारी आणि ‘जय हिंद’ या घोषणेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते आबिद हसन सफरानी हे त्यांचे काका. नेताजींचे पुतणे अरविंद बोस हे त्यांचे पती. हैदराबादेत स्वतःची विणशाळा काढून त्यांनी हिमरू, मशरू, पैठणी आणि तेलिया रुमाल यांचे जुने नमुने गोळा केले आणि पुन्हा मागावर चढवले. मागावर बसवले कोणाला? विधवा स्त्रियांना. त्यांच्या मुलांसाठी शाळाही चालवली. २०२१ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या वयात त्या निवर्तल्या. दरबाराने टाकलेले वस्त्र त्यांनी गरजवंत घरांच्या हाती दिले. हिमरूला घर मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता, असे मला वाटते.

बंधुभगिनींनो, आता शेवटचा मुद्दा आणि एक विनंती. १९५६ नंतर हैदराबादच्या मराठी माणसाची अवस्था हिमरूसारखीच झाली. आपले बोलणे एका राज्यात आणि त्याचा मोठा समाज दुसऱ्या राज्यात. या ग्रंथालयाने त्या दुराव्यात आपले वाचन सांभाळले, त्याबद्दल आपण सर्व त्याचे ऋणी आहोत. परंतु ग्रंथालयात जे आले ते छापलेले. जे छापले गेले नाही ते अजून आपल्या घरांत, जुन्या पेट्यांत आणि वडीलधाऱ्या स्त्रियांच्या स्मरणात आहे.

माझी विनंती अशी, की दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी ग्रंथालयाने एक साधी नोंदवही उघडावी. आपल्या सभासदांच्या घरांत लग्नाच्या याद्या असतील. कोणाला कोणते वस्त्र दिले, ते कोठून आणले, काय किंमत पडली, हे मोडीत किंवा बाळबोधीत लिहिलेले असेल. त्यांच्या प्रती घ्याव्यात. जुने जरीचे वस्त्र असेल तर ते मागू नये. पण त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि घरात त्याला काय म्हणतात ते त्याच घरच्या उच्चारात लिहावे. पत्थरगट्टीच्या जुन्या दुकानदारांकडे, विणकरांच्या वस्तीत जावे आणि रंगांची, काठांची, बुट्ट्यांची, मागाच्या भागांची नावे विचारावीत. हे दुकानदार, हे विणकर बहुधा उर्दू बोलतील. त्याने बिघडत नाही. त्यांचे शब्द आणि आपले शब्द एकाच मागावरचे आहेत. महाविद्यालयातील माझे विद्यार्थी या कामी यावेत यासाठी मी स्वतः प्रयत्न करीन.

हे काम निघाले, तर पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक या दालनात बसेल. एखादे वस्त्र तेव्हा राहिले नसेलही. पण त्याचे नाव, त्याचा रंग, ते कोणी कोणाला दिले, हे त्याला सापडेल. ग्रंथालयाने एवढे करणे शक्य आहे, आणि ते करू शकणारी दुसरी संस्था या शहरात मला दिसत नाही.